नऊ नंबरचा वार

३ डिसेंबर

मेला. माझा काठीकर पुन्हा मेला! चौदा लढतींत अकरा वेळा.

वेंडेल म्हणाला, "अगं, पेशा बनवलायस की प्रेतं?" टेबलावर हशा. टेबलावरचा हा फाशांचा खेळ तोच चालवतो, तेव्हा हसणारेही त्याचेच. गेल्या महिन्यात हाच ओरडत होता की माझा काठीकर भलताच भारी आहे, त्याच्यापुढे योद्धा आणि जादूगार नुसते शेंगा सोलत बसतील. म्हणून मी घाव कमी केला, अंगातला जीव चाळीस गुणांचा तीस केला. आता पारडं साफ दुसरीकडे.

खेळाच्या पुस्तकात पात्रांचे जे पेशे दिलेत, त्यांत मठातला मुष्टियोद्धा आहे. आमच्या सेबू बेटावरची काठीची लढाई नाही. म्हणून तर घरी बनवायला बसले. फेब्रुवारीपर्यंत तोल साधला तर वेंडेल तो टेबलावर घेणार. नाहीतर कचरापेटी.

४ डिसेंबर

कालचा एक फासा टेबलाखाली गेला होता. वीस बाजूंचा फासा, वीसच पडलेला मी पाहिला. धरला नाही, पुन्हा टाकला — चार! बरोबरच केलं. तरी टोचतंय.

७ डिसेंबर

सगळ्या लढती कागदावर उतरवल्या. मरण प्रत्येक वेळी एकाच जागी.

आमचे वार बारा. मी आकडेसुद्धा वारांवरूनच शिकले, अंगणात, तातायकडून, म्हणजे बापाकडून. एक म्हणजे डावं कानशील, दोन म्हणजे उजवं. बाराच्या पुढेही आकडे असतात हे मला शाळेत गेल्यावर कळलं! तर नऊ म्हणजे डाव्या गुडघ्यावरचा वार. नऊ आला की माझा काठीकर एक पाऊल मागे घेतो. मग शत्रू पुढची भोसक मारतो आणि हा खलास.

मायलीन खेळताना माझ्या शेजारी बसते. जन्मात काठी धरलेली नाही. म्हणाली, "पण हा मागे का जातो? आत का नाही घुसत?"

"नऊला असंच असतं," मी म्हटलं.

ताताय जसं शिकवतात तसंच लिहिलंय. एक बोटभरही बदललेलं नाही.

८ डिसेंबर

अंगणात सराव. ताताय माझ्या भावाला, मानोयला, वार घालत होते. नऊ आला. मानोय आत घुसला.

इतकी वर्षं भाऊ रोज डोळ्यांसमोर. मी हे पाहिलंच नव्हतं? पाहिलं होतं. विचारलं नव्हतं.

आज विचारलं. ताताय म्हणाले, "इन्दाय, तुझे पाय आखूड. तू तुझं बघ."

९ डिसेंबर

मानोय झोपाळ्यावर पसरला होता तेव्हा त्याच्या पँटचं माप घेतलं. कमरेपासून टाचेपर्यंत तो ९६ सेंटीमीटर. मी ९७.

१३ डिसेंबर

एक ओळ बदलली. नऊला मागे नाही — आत, आणि डाव्या हाताने शत्रूची काठी धर. बस.

चौदा लढती. सात जिंकल्या, सात हरल्या.

वेंडेलने कागद ओढून ती ओळ वाचली. मग म्हणाला, "हे आधी का लपवून ठेवलंस?" मी लपवलं! मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

१५ डिसेंबर

ताताय जेवत होते. भाजलेला मासा, झावळीच्या पुडीतला भात. मी उभ्यानेच नऊचं विचारलं.

ते शांतपणे काटे काढत राहिले. "शिकवताना एक दार उघडं ठेवायचं. माझ्या बापाने ठेवलं, त्याच्या बापाने ठेवलं. उद्या शिष्य उलटला तर?"

"मी उलटणार होते?"

"तू लग्न करून जाशील. काठी दुसऱ्याच्या घरी जाईल."

"आणि मानोयचं दार?"

"त्याला दार कशाला? तो घर आहे."

मानोय हसत हसत आत आला. त्याला सगळं माहीत! "तुला आत्ता कळलं होय? नऊ आणि भोसक, नऊ आणि भोसक! मला वाटायचं, बाई मुद्दाम हरते. भावावर फार जीव."

पंधरा वर्षं दर जानेवारीत, सगळ्या गल्लीसमोर, सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या सणाच्या आदल्या दिवशी आमची लढत, आणि दर वेळी मी हरले. जुन्या वह्या काढल्या. दर वर्षी तेच लिहिलंय: माझी घाई झाली. माझं लक्ष नव्हतं. मीच धांदरट.

१६ डिसेंबर

यंदाची लढत तातायच्या काठीच्या क्लबसाठी आहे. जिंकेल तो पुढे शिकवणार. तातायनी महिन्यापूर्वीच फळ्यावर लिहिलंय, दोघांची नावं सारख्या अक्षरांत. केवढा न्याय!

मी म्हटलं, आता मला कळलंय, आता लढत पुढे ढकला. म्हणाले, "कळून काय होतंय? पाय पंधरा वर्षं मागे जातोय. महिन्यात पुढे येईल?"

२१ डिसेंबर

बारा बाजूंचा फासा आणि बारा वार. हे इतके दिवस सुचलं नाही!

मायलीनच्या गच्चीवर. ती फासा टाकते, आकडा मनातच ठेवते, तो वार घालते. तिला वार घालता येत नाहीत हेच उत्तम — अंदाजच लागत नाही. आज नऊ चाळीस वेळा आला. चाळीसही वेळा पाय मागे.

मायलीनने कोपर चोळत विचारलं, "तुझा पाय तुझं ऐकतच नाही का गं?"

तातायचं ऐकतो.

२ जानेवारी

चाळिसात सतरा वेळा मागे.

९ जानेवारी

चाळिसात तीन.

वेंडेलशी भांडण. नऊला आत घुसल्यावर मनगटावर फटका, दोन फासे घाव — असं मी लिहिलं होतं. तो म्हणाला, "एका फटक्यात माणूस निकामी? हा अन्याय आहे." मला पटलं. एक फासा केला. कुणावर अन्याय नको.

१३ जानेवारी

एकही नाही.

१७ जानेवारी

डोक्याला जाळी, हात उघडे. आमच्या घरचा रिवाजच आहे — हात झाकला की अक्कल झाकते.

मानोयने पहिल्या फेरीत नऊ घातलाच नाही. मजा लांबवत होता. दुसऱ्या फेरीत गल्लीतली पोरं ओरडायला लागली, "नऊ! नऊ!" त्यांनाही माहीत! सगळ्यांना माहीत होतं. त्याने त्यांच्याकडे बघून डोळा मारला आणि घातला.

मी आत. डाव्या हातात त्याची काठी. त्याचं मनगट माझ्यासमोर उघडं.

इथे सगळं नीट लिहायचं. नियम असा की मनगटाला नुसती काठी टेकवली तरी गुण मिळतो. तेवढा एक गुण मला पुरत होता. हे मला त्या क्षणी माहीत होतं, कुणी सांगायला नको होतं. मी टेकवली नाही. पूर्ण कंबर घालून मारली.

आवाज असा आला की पोरं मागे सरली. मानोय खाली बसला आणि लहानपणी बसायचा तसा हाताकडे बघत राहिला. टाळी कुणीच वाजवली नाही.

एक फासा कमी आहे. वेंडेलला सांगायला हवं.

१९ जानेवारी

दोन हाडं. धातूची पट्टी, सहा स्क्रू. डॉक्टर म्हणाले, पेन धरेल, चमचा धरेल. काठी नाही.

क्लबची किल्ली तातायनी माझ्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली.

२० जानेवारी

मला वाईट वाटतंय का, हे दिवसभर तपासलं. जेवण गेलं. झोपही लागली होती.

७ फेब्रुवारी

काठीकर मंजूर! वेंडेलने वरती माझं नाव लिहिलं. म्हणाला, "आता याच्यात कुठेही भगदाड नाही."

११ मार्च

मानोय सकाळी अंगणात आला. काठी डाव्या हातात. बाकीचे शिष्य बघत होते तरी वाकून नमस्कार केला, शिष्य करतात तसा. "इन्दाय, मला डाव्या हाताने पहिल्यापासून शिकव."

एक शिकवला. दोन. तीन. त्याचं कोपर सरळ केलं, पाठ सरळ केली. ताताय दारात उभे होते.

चारला मी म्हटलं, "पाय मागे."

"चारला? मागे?"

"डावखुऱ्यांचं तसंच असतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तातायकडे. मग पाय मागे घेतला.