दहापैकी शून्य

३ जून, मंगळवार
मला काहीही झालेलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी काही म्हणालंच तर तारखेसकट पुरावा राहील.

ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणतात, मार्चमधल्या त्या अपघातापासून तुम्ही गाडीत बसला नाहीत. समुपदेशक बाईंकडून बरं झाल्याचं पत्र आणा, मग शिकवा. तोवर ऑफिसात लोकांचे फॉर्म भरायचे. बावीस वर्षं शिकवतोय. गाडीला ओरखडा नाही. तो एक सोडून.

आज बाईंकडे पहिली खेप. दोन खुर्च्या, एक घड्याळ, एक गालिचा. मी तो प्रसंग मनात आणायचा, बाई दोन बोटं डावीकडून उजवीकडे हलवणार, मी मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी पाठलाग करायचा. एवढ्याने मनातला धक्का ओसरतो म्हणे. म्हटलं, मग ड्रायव्हर लोकांना दुःख कसलं? आम्ही दिवसभर डावा आरसा, उजवा आरसा हेच करतो. बाई हसल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. कुठेतरी पाणी मुरतंय.

त्रास शून्य ते दहात मोजून सांगा, म्हणाल्या. शून्य, म्हटलं.

५ जून, सकाळी
ब्रेड बंद केलाय. वजनासाठी. हिचं म्हणणं, मार्चपासून टोस्टला शिवला नाहीत, वजनाचं तर आज ऐकतेय.

लेकीला परगावी नोकरी लागली. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे, गाडी चालवता यायलाच हवी. चौदा जुलैला रुजू. दुसऱ्या कोणाकडे जायला तयार नाही, शिकेन तर बाबांकडूनच म्हणते. रविवारपासून सुरू. नक्की.

८ जून, रविवार
पाठ धरली. पुढच्या रविवारी नक्की.

१० जून
दुसरी खेप. थांबावंसं वाटलं तर हात वर करा, म्हणाल्या. हाताचे इशारे, आणि मला!

बाई बोटं हलवताना मधूनच माझ्या पायांकडे बघतात. बूट नवे आहेत, पण एवढं काय बघायचं? आकडा शून्य. पुढच्या वेळी पॉलिश करून जायचं.

१५ जून, रविवार
घरच्या गाडीच्या टायरमध्ये हवा कमी वाटली. लेक म्हणाली, भरून घेऊ. नियमाने आधी चारही टायर दाखवून आणायला हवेत. सुरक्षेत तडजोड नाही.

१७ जून
ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवून गेलो होतो. बोटं हलली, थांबली. आता मनात काय आलं, असं बाईंनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, ब्रेड.

मग सगळं सांगावंच लागलं. शिकाऊ स्टिअरिंगवर, मी शेजारी, माझ्या पायाशी आमच्या बाजूचा वेगळा ब्रेक. मी त्याला सांगत होतो, बावीस वर्षांत ओरखडा नाही. त्याच्यावर काय परिणाम होतोय ते बघायला वळलो. तेवढ्यात बेकरीवाला सायकलवरून आडवा आला. ब्रेक मी दाबला. उशिरा दाबला. रस्ताभर ब्रेड. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. आता तो ठणठणीत आहे, पुन्हा सायकल चालवतो. मी हल्ली ऑफिसला मागच्या गल्लीने जातो, तिथे सावली आहे.

आकडा? शून्य. बाईंनी खाली बघत विचारलं, उजव्या पायाचं काय चाललंय? म्हटलं, नवे आहेत, चौकातल्या दुकानात मिळतात.

२२ जून, रविवार
डोकं दुखतंय. लेक काही बोलली नाही. हे बरं नाही, तिने बोलायला हवं होतं.

२४ जून
बाईंचा गालिचा हलक्या प्रतीचा आहे. माझ्या खुर्चीपुढे, नेमका उजव्या पायाखाली, घासून पांढरा पडलाय. बाकी सगळीकडे ठीक. सांगणार होतो, पण त्यांना वाईट वाटेल.

घरी ही म्हणते, टीव्ही बघताना टीपॉयला लाथा मारू नका. मी? हिचं आणि बाईंचं फोनवर बोलणं होत असणार. मालकही त्यात असणार. तिघं मिळून मला कायमचा फॉर्मवर बसवायला निघालेत.

१ जुलै
गेलो नाही. ज्याला काही झालेलंच नाही त्याने बरं होत बसायचं म्हणजे वेळेचा अपव्यय. मालकांना सांगितलं, पत्र वाटेत आहे.

६ जुलै, रविवार, सकाळी सात
लेकीने मालकांकडून परस्पर स्कूलच्या, दोन ब्रेकवाल्या गाडीची किल्ली आणली. मोकळ्या मैदानात घरच्यांपुरती फिरवा म्हणाले. पत्र लागत नव्हतंच तर! आता सगळ्यांना दाखवतो. बूट घालून तयार.

६ जुलै, दुपारी
लेकीने गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला. गाडी आचका देऊन बंद. म्हटलं, क्लच हळू सोड. पुन्हा बंद. म्हटलं, ॲक्सिलरेटर दे. तिसऱ्यांदा बंद. मी तिला क्लचप्लेटवर व्याख्यान दिलं, गाडी गॅरेजला न्यावी लागेल असं निदानही केलं. ती ऐकून घेत होती आणि बाईंसारखीच खाली बघत होती.

"बाबा, गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही ब्रेकवरचा पाय काढा."

खाली बघितलं. पाय तळापर्यंत दाबलेला. काढायला गेलो तर निघेना. मैदानात चिटपाखरू नव्हतं. लेकीने इंजिन बंद केलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली.

मी म्हणालो, "नऊ."

"कशाचे?"

"दहापैकी."

मग मार्चमधलं सगळं तिलाही सांगितलं. परिणाम बघायला वळलो होतो, हेही.

तेरा तारखेला ती जाणार. शेजारच्या स्कूलमध्ये उद्यापासून जा म्हटलं, तिथला शिकवणारा बरा आहे. नको म्हणाली, सहा दिवस आहेत अजून.

मंगळवारची वेळ बाईंनी दुसऱ्या कोणाला दिली का ते विचारायचं. जुने बूट घालून जायचं.