दोघांनी उचलायची ट्रंक

ता. ४, दुपार, दुकानातून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोनच केला असता. पण तुमच्याकडे फोन दादा उचलतो, आणि मी तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडल्यापासून तो माझा आवाज ऐकला की चुकीचा नंबर लागलाय म्हणून सांगतो आणि ठेवून देतो. सख्खा भाऊ चुकीचा नंबर! असो. भडकायचं नाही असं ठरवून पत्राला बसलोय.

मला तुमच्या माळ्यावरचा हिरवा तंबू हवा आहे. तोच, ज्यात तुम्ही दोघं लग्नाच्या पहिल्या वर्षी भिजला होता.

कारण सांगतो, पण हसायचं नाही. आमच्या वाद्यांच्या दुकानात मी पियानो उचलतो हे तुला माहीत आहेच. ते सुरात लावायला एक मुलगी येते. एकच पट्टी तासन्‌तास वाजवत बसते म्हणून सगळे तिला टिंगटिंग म्हणतात. मी झाकण धरून उभा राहतो आणि ती आत डोकं घालून, डोळे मिटून ऐकते. त्या वेळी खिडकीतल्या उन्हात धूळसुद्धा जपून तरंगते, असं मला वाटतं. वर्षभर हे चाललंय. वहिनी, मी कामातून गेलोय.

आता तिला लांबच्या शहरातल्या एका पियानोच्या कारखान्यात नोकरी चालून आली आहे. जाणार की नाही, ते सतरा तारखेच्या सोमवारी कळवायचंय. त्याच्या आधीचे तीन दिवस तळ्याकाठच्या कुरणावर संगीत महोत्सव आहे. तिथला पियानो रोज सुरात लावायला मालक तिला पाठवतायत, आणि हलवायला मला. मुक्काम तंबूत. तिथे मला तिला एवढंच सांगायचंय, की जाऊ नकोस. मालकांवर, प्राध्यापकांवर, बसच्या कंडक्टरवर माझं तोंड कसं चटकन सुटतं! आणि हे दोन शब्द वर्षभर ओठाशी येऊन परत जातायत.

घोडं अडलंय सामानापाशी. दुकानाची गाडी आम्हाला रस्त्यावर सोडणार. पुढे तळ्याच्या कडेनं गवतातली पायवाट, चांगली लांब. तंबू, रजया, स्टोव्ह, किटली, कंदील हे सगळं न्यायचं कसं? दादाची मोठी सॅक पाठीला लावली तर मी वाकून चालणार, म्हणजे सबंध वाट मला माझे बूट दिसणार. शेजारचे माळीकाका त्यांची चाकांची गाडी देतायत. पण ती ओढायची म्हणजे मी बैलासारखा पुढे आणि टिंगटिंग कुठेतरी मागे. शिवाय तिचं चाक असं करकरतं की टिंगटिंग कानात बोटं घालून तळ्यात उडी मारेल.

मग मला सुचलं. आम्ही पियानो उचलतो ते जाड कापडी पट्ट्यांवर. पट्टा वस्तूच्या खालून जातो आणि दोन टोकं दोघांच्या खांद्यांवर येतात. दोघं समोरासमोर. एक जण उलटा चालतो. त्याला मागचं काही दिसत नाही, तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघूनच पाऊल टाकतो. सगळं सामान एका लोखंडी ट्रंकेत भरायचं, ट्रंक पट्ट्यावर घ्यायची. उलटा मी चालणार. एका बाजूला तळं, पायांखाली गवत, आणि समोर सबंध वाट तिचा चेहरा! तिथे ते दोन शब्द आपोआप निघतील. झोपेतसुद्धा मी हेच चालणं चालतोय.

तर तंबू पाठव. दादाला कळू देऊ नकोस. छोटीला पापा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दीर


ता. ९

चि. भडकोजीराव भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

तंबू पाठवते आहे. गुपचूप काढणार होते, पण मी स्टूल मांडताच तंबू कुणाला हवाय ते विचारून घेऊन तुमचे बंधुराजच त्यावर चढले. वाकलेल्या खुंट्या हातोडीनं सरळ केल्या, अंगणात तंबू उभारला, आत जाऊन बराच वेळ आडवे पडले. मी वाकून पाहिलं तर छताकडे बघत होते. बाहेर येऊन म्हणाले, की त्या चुकीच्या नंबरवाल्याला सांग, वाऱ्याच्या बाजूची दोरी आधी बांध. तर तुमचं गुपित एका मिनिटात फुटलं. माझा नाइलाज झाला.

तुमचं पत्र वाचताना माझं दूध उतू गेलं. धूळ काय जपून तरंगते, तळं काय! हे आपले तेच भाऊजी ना, ज्यांनी मागे न्हाव्याशी भांडून अर्ध्या कापलेल्या केसांनी घर गाठलं होतं? मुलगी मला न बघताच आवडली. तुमच्यासमोर डोळे मिटून शांत उभी राहू शकते म्हणजे धीराची असणार.

पण एक सांगा. ट्रंक दोघांनी उचलायची, तर त्या दुसरीला तुम्ही विचारलंत का? पत्रात तळं आहे, गवत आहे, तुमचं उलटं चालणं आहे. ती काय म्हणाली ते कुठे दिसलं नाही.

आमच्या भिजण्याची गंमत तुम्हाला कोणी सांगितलेली नाही. पाऊस नव्हताच. मीच रडरड रडले होते. ह्यांनी हौसेनं सगळं ठरवलं, डोंगर ठरवला, तंबू आणला, माझे बूटसुद्धा आणले. आणि मला तेव्हा माहेरी जायचं होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. बूट मात्र मापाचे होते, म्हणून राग लवकर गेला.

तेव्हा माझं ऐका, सॅक घ्या. बूट दिसले तर दिसले. आणि तिला आधी विचारा. रागावू नका. रागावलात तरी पत्र टाका.

तुमची, तुमच्याच बाजूची,
वहिनी


ता. १३

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तंबू पोचला. दादानं एकेक दोरी अशी गुंडाळली आहे की सोडवायला जीव होत नाही. त्याला सांग, किंवा नको सांगूस.

रागावलो नाही, पण रागावलोय. विचारलं की सगळं हिशेबी होतं. आधी परवानगी, मग ट्रंक, मग तळं! काही गोष्टी न विचारताच सुंदर होतात. मी तिला एवढंच म्हटलं, की सामानाची काळजी तू करू नकोस, ती माझी. ती हसली आणि म्हणाली, की हत्यारांची पिशवी तेवढी ती स्वतः आणेल. म्हणजे बाकी कबूलच झालं की.

काल पैलवानाबरोबर, म्हणजे माझ्याबरोबर पियानो उचलतो त्याच्याबरोबर, मागच्या अंगणात ट्रंकेचा सराव केला. त्यानं विचारलं, की ह्यात काय दगड भरलेत का? मी जादा उशा घातल्यात, आणि तिला आवडतो तो जाड काचेचा कंदील. त्याच्या मिशाळ चेहऱ्याकडे बघत मी उलटा चाललो आणि तिथेही मला तळं दिसत होतं. पैलवान म्हणाला, असा बघू नकोस, मला भीती वाटते.

उद्या निघतोय. तुझा आशीर्वाद लागेल, टोमणे मागाहून पाठव.

तुझा दीर


ता. १६, रविवार, कुरणावरून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तेच झालं. आता हसून घे, मी थांबतो.

गाडीनं आम्हाला रस्त्यावर सोडलं. मी ट्रंक उतरवली, पट्टे पसरले, एक टोक खांद्यावर घेतलं आणि दुसरं तिच्यापुढे धरलं. तिनं ते हातात घेतलं नाही. मग शांतपणे म्हणाली, की तिला हे जमणार नाही. संध्याकाळी पियानो लावायचा आहे. जड उचललं की तिचे हात नंतर कितीतरी वेळ थरथरतात, आणि तारेची खिट्टी केसाएवढी जरी जास्त फिरली तरी सूर जातो. म्हणून तर ती दुकानात झाकणही उचलत नाही. वर्षभर झाकण धरून उभा राहिलास, ते कशासाठी ते तुला कधी कळलं नाही का, असं तिनं विचारलं.

मला नव्हतं कळलं, वहिनी. मला वाटायचं, मी जवळ उभा राहावं म्हणून.

आणि माझं डोकं फिरलं. लाज वाटली की मला रागच येतो. मी ओरडलो, की मग जा तुझ्या कारखान्यात, इथे कोणाचं अडलंय. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि पायवाटेनं निघून गेली. ज्या वाटेवर मला सबंध वेळ तिचा चेहरा दिसायचा होता, तिथे तिची पाठ लहान लहान होत गवतात मिसळून गेली.

ट्रंक एकट्याला उचलेना. शेवटी उघडली, रजईत सामान बांधलं आणि खेपा घातल्या. तळं छान होतं. मी बघितलं नाही. ती गाणाऱ्या बायकांच्या मोठ्या तंबूत राहायला गेली. मी दादाच्या तंबूत एकटाच पडलो. कापडातून उजेड आत येतो तो हिरवा होऊन येतो, पाण्याच्या तळाशी असल्यासारखा. दादा छताकडे का बघत होता ते कळलं.

काल पहाटे जाग आली ती एका सुरानं. धुकं एवढं होतं की तळं नव्हतं, रंगमंच नव्हता, माणसं नव्हती. फक्त तो एक सूर, पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडा जवळ सरकणारा. मी त्याच्या दिशेनं चालत गेलो आणि ओल्या गवतात बसलो. तिनं पाहिलं, पण काम थांबवलं नाही. त्या पट्टीचं काम संपलं तेव्हा मी उठून झाकण धरलं. हात दुखेपर्यंत धरलं. मग क्षमा मागितली. ती म्हणाली, की ओरडलेलं ती विसरेल, पण तिच्या खांद्यावर पट्टा परस्पर ठरवला होता ते विसरायला वेळ लागेल.

मग ते दोन शब्द ओठाशी आले. वहिनी, मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. मी विचारलं, की तुला जायचंय का. तिनं हातातलं हत्यार खाली ठेवलं. मग म्हणाली, की हो, फार जायचंय. दुसऱ्यांचे पियानो लावून लावून तिला आता एक पहिल्यापासून करायचाय, लाकडापासून. सांगताना तिचे डोळे मिटलेले नव्हते. मी म्हटलं, मग जा. आणि झाकण हातातून सुटणारच होतं.

आज दुपारी ती माझ्या तंबूपाशी आली. बायकांच्या तंबूत गाण्याचा सराव थांबत नाही आणि दोन रात्री तिचा डोळा लागलेला नाही, म्हणाली. आत जागा आहे का, असं विचारलं. मी बाहेर आलो. ती आत गेली आणि उशीवर डोकं टेकताच झोपली.

हे पत्र मी दाराशी गवतात बसून लिहितोय. मघाशी पायवाटेनं ढोलवाल्यांचं अख्खं पथक वाजवत आलं. एरवी मी काय केलं असतं ते तुला माहीत आहे. मी उठलो, त्यांच्यापुढे उभा राहिलो, तोंडातून शब्द नाही काढला, नुसतं तंबूकडे बोट केलं. पुढचा आडदांड म्हातारा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं हात वर केला, सगळ्यांनी ढोल डोक्यावर घेतले आणि चपला हातात धरून, लांबचा वळसा घेऊन, गवतातून एकामागून एक निघून गेले.

आत तिनं कूस बदलली. ऊन उतरायला लागलंय. उद्या सोमवार, ती हो कळवणार. मी तिकडे भेटायला यावं असं काही म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. उठली की विचारेन, येऊ का म्हणून. उठवणार नाही.

तुम्हा तिघांची आठवण येते. माझ्याकडे तुझं लक्ष असू दे.

तुझा दीर