आत्याची एकोणीस रेकॉर्डिंग

प्रिय आत्या,

आपल्या घराण्याच्या इतिहासाच्या माझ्या ब्लॉगसाठी तू पाठवलेली एकोणीस रेकॉर्डिंग मी चष्म्याच्या दुकानात काचा घासता घासता ऐकली, तेही दुप्पट वेगाने. वेळ कुठे होता गं? नावं, सालं टिपायचे आणि तुझं पाल्हाळ सुरू झालं की बंद करायचे. "रविवारी निवांत बोलू," म्हणायचे. असे कितीतरी रविवार गेले, आणि मागच्या आठवड्यात तूही गेलीस.

आज कामावर दांडी मारून पहिल्यांदाच तुझ्या वेगाने, शेवटपर्यंत ऐकलं. पणजोबांचं सगळं सांगून झालं की प्रत्येक वेळी तू विचारतेस, "आणि तू कशी आहेस गं?" मग समोरासमोर बसल्यासारखी उत्तरासाठी थांबतेस. एकदा तर चांगली मिनिटभर.

बरी नाहीये गं, आत्या.

तुझी भाची