नळाची वेळ

धरमपेठ, बुधवार, १२ मे १९७६

माझ्या शिवणाच्या दुकानातली शांता सोडून चालली. ब्लाउजची बाही तिच्यासारखी कुणी बसवत नाही, म्हणून आज पगार वाढवते म्हटलं. दिवाळीला साडीही कबूल केली. तरी ती नाहीच म्हणाली.

"मग काहून चालली वं?"

"पगाराचं नाही बाई. तुम्ही दुकान उघडता, तवाच आमच्या वस्तीत नळ येते. पाणी भरून आली का उशीर होते, अन् तुम्ही घड्याळाकडे पाहता. नव्या कारखान्यात दुपारची पाळी भेटून राहिली."

पाहते खरी घड्याळाकडे. पण बोलत तर नाही ना काही!

संध्याकाळभर तेच डोक्यात. शेवटी ठरवलं, सोमवारपासून दुकान नळ गेल्यावरच उघडायचं. तिच्या घरी जाऊन सांगूनही आले. "पाहते बाई," म्हणाली. येईल का? दुकानातल्या बाकीच्या तिघी तरी टिकतील.

पण नळ तर आमच्याकडेही त्याच वेळी येतो. मग मी रोज वेळेवर कशी पोचते?

आत सासूबाई उद्याच्या पाण्यासाठी हंडे घासताहेत.