कोपर

प्रिय केतू,

फोनवर आपलं जेवण, हवा आणि कुरिअर एवढंच बोलून होतं, म्हणून लिहायला बसले. अक्षर लागलं नाही तर बाबांना विचारू नकोस, मलाच विचार. तेवढाच एक फोन जास्त होईल.

तुझी आई चोपन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झाली, त्याला दीड वर्ष झालं. आता डान्स मूव्हमेंट थेरपिस्ट व्हायला एकच टप्पा उरलाय. हे नेमकं काय असतं, ते तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. ज्यांना मनातलं बोलून सांगता येत नाही, त्यांच्याबरोबर हलायचं, त्यांच्या हालचालीतून त्यांना समजून घ्यायचं. वर्गातली पोरं मला आंटी म्हणतात आणि जमिनीवरून उठताना हात देतात. तीस वर्षं फरीदाबादमध्ये कथक शिकवलं, त्याचा इथे फायदा होईल वाटलं होतं. कसला फायदा! नेमकं तेच नडलं.

नोएडातल्या एका केंद्रात आमचं प्रत्यक्ष काम चालतं. तिथे एक बाई येते. नाव सांगत नाही, तसा नियम आहे. उजवा हात कायम पोटाशी घट्ट धरलेला. तिसऱ्या खेपेला ती पहिल्यांदाच जराशी डोलायला लागली आणि मी काय करावं? जाऊन तिचं कोपर दोन बोटांनी वर उचललं. माझं मलाच कळलं नाही. ती जागीच थांबली आणि पुढचे दोन आठवडे आलीच नाही.

माझी मार्गदर्शक मयुरा, तुझ्याहून थोडीच मोठी, रागावली नाही. असं कोपर मी आधी कुणाचं उचललं होतं, एवढंच तिने विचारलं. शेकडो मुलींचं, असं मी सांगितलं. खोटं बोलले. मला एकच आठवली होती.

तू तेरा वर्षांची होतीस. मंडळाच्या गणपतीतला कार्यक्रम. तू इतकी रंगली होतीस की बाबा फोटो काढायचंच विसरले. आणि मी विंगेत उभी राहून स्वतःचं कोपर उचलून तुला दाखवत होते. वर, अजून वर. तू माझ्याकडे पाहिलंस, हात खाली सोडलेस आणि सम यायच्या आधीच चालत निघून गेलीस. घुंगरांचा तो साधा चालण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. घरी आल्यावर मी तुला काय म्हणाले, तर सम चुकली. त्यानंतर सतरा वर्षं तू माझ्यासमोर नाचली नाहीस. गेल्या दिवाळीत चकल्या तळताना तू गाण्यावर झुलत होतीस. मी दारात आले आणि तू थांबलीस. मी पाणी घ्यायला आल्यासारखं केलं. तहान नव्हती मला.

ती बाई परत आली. आल्याआल्या म्हणाली, "मॅडम, आज हाथ मत लगाना." मी लांब बसले, माझाही उजवा हात पोटाशी धरला आणि ती करेल तेच करत राहिले. पाऊण तास. शेवटी तिचा हात आपसूक सुटून मांडीवर येऊन पडला, वाकडातिकडा. मला तो फार सुंदर वाटला. येताना कालकाजीला मेट्रो बदलायची विसरले आणि थेट हौज खासपर्यंत रडत गेले. तुझी इतकी आठवण आली गं.

परवा मानसचा फोन आला होता. तुमच्या लग्नाच्या संगीतला घरच्यांचा नाच कोणता बसवायचा, असं विचारत होता. बोलता बोलता जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं, की आई समोर असेल तर तू नाचणार नाहीस म्हणालीस. त्याच्यावर चिडू नकोस. म्हणून हे पत्र. तू नाच. मी नको असेन तर त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या चहापाण्याकडे बघेन, मला बिल्कुल वाईट वाटणार नाही. नाही, वाटेल, पण मी हॉलमध्ये येणार नाही. आणि तुला वाटलंच, तर मला मध्ये बोलाव. मी तुझ्यासमोर उभी राहीन आणि तुझं कोपर जिथे असेल, तिथेच माझं ठेवीन.

वाट बघत असलेली, तुझीच,
आई