खालच्या पाणवठ्याची बाटली

मास्तर,

काल आमच्या इमारतीत पाण्याचा नमुना घ्यायला माणूस आला होता. वरच्या मजल्यांवरची पोरं एकदम आजारी पडली म्हणून सोसायटीने बोलावला. त्याने तळमजल्यावर वॉचमनच्या नळाखाली बाटली धरली, बूच लावलं आणि निघाला. मी त्याला जिन्यापाशी अडवलं. म्हटलं, "वरचं नाही घेणार? आजारी तर वरची पोरं आहेत." तो हसून म्हणाला, "आजोबा, टाकी एकच आहे ना? एका ठिकाणचं घेतलं की झालं." मागून सून म्हणाली, "बाबा, सोडा त्याला. त्याचं काम त्याला कळतं." मी घरात आलो, पण जीव थाऱ्यावर येईना. रात्रभर तुमच्याशी भांडत पडलो. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली की तुमच्याशी भांडणारा आता मी एकटाच उरलो असेन. लिहिण्याची सवय नाही. तुम्ही शिकवलंत तेवढंच येतं, त्याच्या पुढचं काही शिकलो नाही. ते का, तेही आज सांगतो.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. दिवसा तुम्ही परळच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायचात आणि संध्याकाळी लालबागच्या रात्रशाळेत आम्हा गिरणीतल्या पोरांना शिकवायला यायचात. कोटाच्या खिशाला निषेधाची काळी फीत असायची. शाळा सुटली की कधी कधी नाक्यावरच्या हॉटेलचं बाकडं बाहेर काढून त्यावर उभे राहायचात आणि सांगायचात की मराठी माणसात आता वरचा-खालचा कोणी नाही, सगळे एक. मी पुढेच उभा असायचो. पोलिसांची गाडी आली की लोक गल्ल्यांत पळायचे, तुम्ही बाकड्यावरून उतरायचा नाहीत. एकदा लाठी खाल्लीत, मग तुरुंगातही जाऊन आलात. आलात त्या संध्याकाळी हात गळ्यात बांधलेला होता आणि डाव्या हाताने फळ्यावर वेडंवाकडं लिहीत होतात. मला वाटायचं, हा माणूस कोणाला भिणार नाही.

आमच्या वर्गातली निम्मी पोरं कोकणातल्या एकाच नदीकाठची होती. पावसाळ्यात गावी जाऊन आलेला जो तो जुलाबाने खंगून परत यायचा, हे तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही ती योजना काढलीत. डोंगरापासून खाडीपर्यंत नदीवर जागा ठरवायच्या. शिमगा, मे महिना आणि गणपती, म्हणजे आम्ही चाकरमानी तसेही गावी जातो तेव्हाच, त्या जागांवरचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि सगळ्या बाटल्या एका पेटीत घालून लगोलग एस.टी.ने परळला आणायच्या. दरवेळी जागा त्याच, भरण्याची पद्धत तीच. जिथलं पाणी सर्वांत वाईट ठरेल तिथे आधी विहीर पाडू, असं जिल्ह्याच्या लोकल बोर्डाच्या साहेबाने तुम्हाला तोंडी कबूल केलं होतं. तुम्ही वर्गात ते सांगितलंत तेव्हा मला धाकटी बहीण आठवली. पावसाळ्यातच गेली होती ती, जुलाब होऊन. आमचा पाणवठा नदीवर सगळ्यांत खाली. वर गावाचा पाणवठा, मग धुणं धुण्याची जागा, मग गुरं उतरतात ती जागा, मग मसणवट, आणि ते सगळं घेऊन पाणी आमच्याकडे यायचं. आम्ही गावाने विटाळ मानलेले लोक. वर जाऊन घागर बुडवायची सोय नव्हती. एक विहीर झाली असती तर आईचा, सगळ्या वाडीचा प्रश्न सुटला असता.

जागा ठरवायला तुम्ही रविवारी सकाळी लालबागला आमच्या गावकीच्या खोलीवर बैठक घेतलीत. गावकीची म्हणजे वरच्या आळीतल्यांची. आमची बिऱ्हाडं घोडपदेवला, वेगळ्या चाळीत. मी गॅलरीत दाराशी उभा राहिलो. आत भिंतीला ट्रंका रचलेल्या, वळकट्या गुंडाळलेल्या, रातपाळीचे दोघे-तिघे तशा गडबडीतही झोपलेले. तुम्ही खडू घेऊन फरशीवर नदी काढत होता. ओढा कुठे मिळतो, अंबाडी कुठे कुजत घालतात, भातखाचरांचं पाणी कुठून उतरतं, एकेकाला विचारत होता. ओढा मिळतो त्याच्या वर एक बाटली, खाली एक. बाटलीचं तोंड येणाऱ्या पाण्याकडे. आणि जिथे माणूस पाणी पितो ती जागा सोडायची नाही, हे तर तुम्ही दोनदा सांगितलंत. गावाशी येऊन तुमचा हात थांबला. "याच्या खाली काय?" तुम्ही दाराकडे बघितलंत.

"तू रे, तू खालच्या वाडीतला ना? आत ये."

"त्याला तिथूनच ऐकू येतंय, मास्तर," गावकीचे पुढारी म्हणाले. ते आमच्याच गिरणीत जॉबर, म्हणजे खात्यावरचे मुकादम, होते.

"मला त्याचं ऐकू येत नाहीये. आणि नदी काय गॅलरीच्या आधी संपते काय?"

सगळे हसले, जॉबरही हसले. मी आत गेलो. त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत मी पहिल्यांदाच पाय टाकला होता. तुम्ही माझ्या हातात खडू दिलात आणि मी उकिडवा बसून नदीचा राहिलेला तुकडा काढला, आमच्या पाणवठ्यापर्यंत. तिथे तुम्ही फुली मारलीत आणि म्हणालात, "पहिली बाटली इथली." बैठक संपल्यावर मी जिन्यात घुटमळलो, तर वर कोणीतरी ओल्या फडक्याने फरशी पुसत होतं. खडू पुसत होते की मी बसलो होतो ती जागा, ते मला सांगता येणार नाही. तेव्हा मी त्याचा विचारही केला नाही, इतका आनंदात होतो. आईला पत्र लिहिलं. शाळेतल्या पोराकडून वाचून घेतलंन असणार तिनं. आपली बाटली पहिली आहे, असं लिहिलं होतं.

त्यानंतर तुम्ही मला गिरगावात तुमच्या घरी बोलावलंत, बाटल्या भरायची पद्धत नीट दाखवायला. स्वयंपाकघराच्या मोरीत बादली भरून घेतलीत आणि माझ्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतलंत. बुचाला आतून बोट लागलं की "गेली बाटली!" म्हणून ओरडायचात. वहिनी चुलीपाशी हसत होत्या. "अहो, त्याचे हात गारठले, पुरे आता," म्हणाल्या. मग त्यांनी चहा दिला. तुम्हाला दिला तसल्याच कपात, कपबशीचा एकच संच होता तुमच्याकडे, त्यातल्या. तुमच्या घरात त्याचं काही विशेष नसेल. मी मात्र तो कप दोन्ही हातांत धरून बसलो होतो. आज मी हे रागाने लिहितोय तरी तो चहा खोटा होता असं मला म्हणता येत नाही, आणि तीच तर अडचण आहे. तुम्ही वाईट माणूस असतात तर मी केव्हाच विसरलो असतो.

शिमगा जवळ आला. पाळी सुटल्यावर गिरणीच्या फाटकाबाहेर जॉबर पान लावत उभे होते. मला बघून म्हणाले, "काय रे, गावी चाललास? बाटली नको नेऊस हां, उगीच ओझं."

मी म्हटलं, "का? मास्तरांनी सांगितलंय पहिली बाटली आमची."

"सांगितलं होतं. आता नाही सांगत." त्यांनी पान तोंडात घातलं. "पेटी कोण आणणार? आमची माणसं. तुमच्या पाणवठ्याचं पाणी आमच्या पाण्याला लागून पेटीत येणार? आम्ही मास्तरांना सरळ सांगितलं, एक तर ती बाटली, नाही तर आम्ही."

"बूच लावलेलं असतंय की. वरून कागद, फडकं."

"अरे, बूच लावलं म्हणून पाणी बदलतं काय?" बरोबरचे हसले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "आणि तुमचं पाणी वाईट निघणार, ते काय आम्हाला ठाऊक नाही? विहीर खाली पडली तर आमच्या बायका तिथे येतील पाण्याला? मास्तर शहाणे आहेत. एका शब्दात ऐकलं त्यांनी."

तो शेवटचा शब्द मला लागला. मी तसाच चालत गिरगावला आलो. वाटेत ठरवलं होतं की माझी बाटली मी माझ्या पिशवीतून आणीन, पेटीचा प्रश्नच नको. तुम्ही आरामखुर्चीत होता. मी पिशवीचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "पेटीचं कोण बोललं तुला? तसं काही नाही. उन्हाळ्यात तुमच्याकडे नदी वाहते कुठे? वाळूत झिरे खणून पाणी पिता ना? ते जमिनीतलं पाणी झालं. आपण वाहत्या पाण्याचा अभ्यास करतोय."

"पावसाळ्यात आम्ही नदीचंच पितो, मास्तर."

तुम्ही आत बघून म्हणालात, "चहा झाला का गं?" आणि मग मला, "तिन्ही वेळेला जागा त्याच हव्यात. एखादी जागा कधी आहे, कधी नाही, हे शास्त्राला मंजूर नाही."

मी धीर केला. "शास्त्राला मंजूर नाही, का गावकीला?"

तुमचा आवाज इतका चढलेला मी वर्गातही ऐकला नव्हता. "शास्त्रात गल्लीतली भांडणं आणायची नाहीत. कळलं?" वहिनी चहा घेऊन दारातच थांबल्या. कळलं, म्हणालो. चहा प्यायलो, कप मोरीत विसळून ठेवला आणि खाली आलो.

मास्तर, तुम्ही म्हणाला असतात की, अरे, त्यांच्यापुढे माझं काही चालेना, तुझ्या एका बाटलीपायी सगळी पेटी जाईल, बाकीची गावं विहिरीवाचून राहतील, तर मी ते ऐकून घेतलं असतं. वाईट वाटलं असतं, पण समजलं असतं. हार खाणं आमच्या चांगल्या ओळखीचं होतं, तुमच्या हारेत मी तुमच्या शेजारी बसलो असतो. पुढे गिरणीत बॉयलरचं पाणी तपासायला एक केमिस्ट यायचा, त्याला मी आडून आडून विचारलं. तो म्हणाला, झिऱ्याचं पाणी वेगळं धरतात हे बरोबर आहे. म्हणजे नियम खरा होता. ते ऐकून मला आणखीच वाईट वाटलं. खोटं कारण दिलं असतंत तर कधीतरी उघडं पाडता आलं असतं. तुम्ही खऱ्या नियमाच्या मागे जाऊन उभे राहिलात. पोलिसांच्या लाठीसमोर न हललेला माणूस गावकीसमोर हलला, आणि हललो नाही असं मला सांगितलंत. शास्त्र खरं बोलतं, ते कोणाची जात विचारत नाही, हे मला तुम्हीच शिकवलं होतंत. मला तेवढी एकच गोष्ट मिळाली होती. तेव्हापासून मला कोणाच्या सांगण्याचा भरवसा वाटत नाही. डॉक्टरने गोळी दिली तरी दुसऱ्याला विचारतो, गाळलेलं पाणी पुन्हा उकळतो, सून वैतागते. शाळेत मी पुन्हा आलो नाही. तुम्ही एकदा निरोप पाठवला होतात. मी रातपाळी आहे म्हणून कळवलं. रातपाळी नव्हती.

बाटल्या आल्या, तपासल्या गेल्या, बोर्डाने विहीर दिली. वरच्या आळीत, देवळामागे. तुम्ही ठरवलेल्या जागांमध्ये आता गावाचा पाणवठाच सर्वांत खालचा होता, त्यामुळे त्याचंच पाणी सर्वांत वाईट निघालं. राज्य झालं त्या दिवशी लालबाग दिव्यांनी पेटलं होतं, लोक नाचत होते, तुम्ही मला गर्दीत ओळखलंत. गुलालाने तोंड माखलं होतं तुमचं. "झालं रे, झालं आपलं राज्य!" म्हणून मला मिठी मारलीत. मी हात खालीच ठेवले. तुम्हाला ते कळलं का? हा प्रश्न मला अजून पडतो. कळलं असेल असं वाटून कधी बरं वाटतं, कधी नाही. तीच शेवटची भेट.

आमच्या वाडीला विहीर झाली ती फार वर्षांनी, कुठल्याशा सरकारी योजनेतून. तिचा तुमच्याशी काही संबंध नव्हता. मी तेव्हा गावी गेलो होतो. आईने पहिली कळशी वर काढली, काठावर ठेवली आणि मला म्हणाली, "उशीर झाला, पन तुज्या मास्तरानं आणलीन बग." मी तिला पुढचं कधी कळवलंच नव्हतं. ती इतकी वर्षं तुमची वाट बघत होती. मग ती मुंबई कुठल्या बाजूला म्हणून मला विचारून त्या दिशेला वळली आणि तिने हात जोडले. बाया बघत होत्या, त्यांनीही जोडले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमची गिरगावातली चाळही आता राहिली नाही. पण लिहायला बसलोच आहे तर लपवत नाही. आईला मी त्या दिवशी "हो, मास्तरांनीच आणली," म्हटलं. तिचं मन मोडू नये म्हणून म्हटलं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते तसं नव्हतं, मास्तर. त्या बाया तुमच्या नावाने हात जोडून उभ्या होत्या आणि मला तुमचा अभिमान वाटत होता.