अर्जाची मागची बाजू

प्रिय माय,

सप्रेम जयभीम.

तू गेल्यावर दीड वर्षात तुला एकही पत्र लिहिलं नाही, आणि आज शाळेतून आल्या आल्या चपलासुद्धा न काढता लिहायला बसलेय. कारणच तसं आहे. उद्या आपल्या तलावाच्या पाळीचं उद्घाटन आहे. मांडव पडलाय, लाउडस्पीकरवाला दुपारपासून 'हॅलो हॅलो' करतोय, आणि उद्या भाषणात जो तो 'हे मी केलं' म्हणेल. त्याआधी तुला खरं काय झालं ते सांगायचंय. त्यात माझी एक चूकही आहे. ती दुसऱ्या कुणाकडून तुझ्यापर्यंत पोहोचलेली मला चालणार नाही!

तुला आपली पाळ आता ओळखूच येणार नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सिमेंटचे लाल-पिवळे गट्टू बसवलेत. लाइटचे खांब आलेत, बाकडी आलीत, व्यायामाची यंत्रंही आलीत. कमरेला गरगर फिरवायचं जे यंत्र आहे ना, त्यावर पांडूआबा सकाळ-संध्याकाळ नुसते बसून असतात. नगरपालिकेचा माणूस म्हणाला, "आबा, ही खुर्ची नाही." तर म्हणाले, "मंग मले खुर्ची द्या, मी उठतो." गावभर तक्रार करत फिरायचे की गट्टूवर चालून गुडघे दुखतात, आता सगळ्यांच्या आधी तेच हजर असतात.

आणि तलावाच्या कडेनं छातीएवढा लोखंडी कठडा. सगळा घोळ या कठड्यानं केला.

घोळ असा झाला, की कठडा सरळ आपल्या पायऱ्यांवरून गेला. पहाटे बायका जिथे मुळे, मेथी, कांद्याची पात धुतात, त्याच पायऱ्या! तू तीस वर्षं जिथे पाण्यात पाय सोडून बसलीस, तिथे समोर लोखंड. गंगूमावशी (तुझी भाजीची वाडी आता तीच करते, आणि छान करते, काळजी करू नकोस) पहिल्या दिवशी टोपलं घेऊन गेली आणि तशीच माझ्या दारात आली. मुळ्यांना चिखल तसाच.

"वंदू, पायऱ्या कोंडल्या वं! आता भाजी कुठी धुवाव आमी? असा चिखलाचा माल बाजारात कोन घेईन?"

मला असा राग आला म्हणून सांगू! तुझाच राग, दुसरा कुठून येणार?

नगरपालिकेनं गावकऱ्यांच्या हरकती आणि सूचना ऐकायला सभा ठेवली होती, तिथे आम्ही सगळे गेलो. माय, तू ती सभा बघायला हवी होतीस. एका रिटायर साहेबांना कारंजं हवं होतं. चहावाल्या युसूफचाचांचं म्हणणं, बाकडी तलावाकडे तोंड करून बसवलीत, त्यामुळे लोकांना चहाची गाडी दिसत नाही. "पानी देखके पेट भरता क्या, साहब?" कुणाला सेल्फीसाठी गावाच्या नावाची मोठी लाइटची अक्षरं हवी होती. पांडूआबांना काहीच नको होतं, पण ते त्यांनी बराच वेळ सांगितलं.

मग मी उठले. मी रात्री मुद्दे काढून ठेवले होते, एक, दोन, तीन असे, समासासकट. आवाज शाळेच्या मैदानावर लावते तसा लावला. म्हटलं, "साहेब, मला एकच सांगा. हा कठडा मागितला कोणी? ज्यांच्यासाठी पाळ आहे त्यांना विचारलंत तरी का?"

टाळ्या पडल्या! गंगूमावशीनं तर शिट्टीच वाजवली. हो, शिट्टी. तिला येते, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

नगरपालिकेचे इंजिनिअर साहेब तरुण होते आणि स्वभावानं फार शांत. त्यांनी फायलीतून एक कागद काढला आणि म्हणाले, "बाई, अर्ज आहे ना. वॉर्डातल्या लोकांनीच कठड्याची मागणी केली होती. पहिली सही… कौसाबाई."

माय! तुझी सही! एकेक अक्षर सुटं, 'बा'चा काना वरपासून खालपर्यंत काठीसारखा.

आणि सहीच्या वरचा सगळा अर्ज माझ्या अक्षरात. 'विषय'च्या खाली दोन रेघा मारायची सवय गावात दुसऱ्या कुणाला आहे? सभा हसायला लागली. पांडूआबा म्हणाले, "वर्गात तुमी पोट्ट्यायची नक्कल पकडता बाई, आज तुमीच सापडल्या!"

मी उभी होते तिथेच ओशाळले. अर्ज लिहिला होता हे मी साफ विसरले होते. गावातले किती अर्ज मी लिहिते! रेशनचे, दाखल्याचे, नळाचे. लिहून दिला की डोक्यातून जातो.

पण तो कागद हातात घेतला आणि ती संध्याकाळ जशीच्या तशी आठवली. त्याच आठवड्यात गंगूमावशीची नात चिमी पाळीवरून घसरून पाण्यात गेली होती, आणि तू तिला वेणीला धरून बाहेर ओढली होतीस. पोरगी वाचली, पण पाण्याबाहेर आल्यावर तिनं पहिली तक्रार केली ती केस ओढल्याची! त्यानंतर तू सगळ्या बायकांना आपल्या ओट्यावर जमवलंस आणि मला म्हणालीस, "लिव."

मी पेपर तपासत होते. चिडतच कागद घेतला. तू सांगत गेलीस, लाइट पाहिजे, कठडा पाहिजे, पक्का लोखंडी, लेकरांच्या डोक्याच्या वर. मी ते तुझं बोलणं 'उपरोक्त विषयान्वये' करत गेले. आणि खाली सह्यांपुरती जागा उरली तेव्हा तू म्हणालीस:

"अन् हे बी लिव. पायऱ्यापाशी फाटक ठेवजा. कुलूप नका लावजा."

मी म्हटलं, "जागा संपली, माय."

"मंग पान पलटव ना. मांगून कोरंच हाय."

"अर्ज मागच्या बाजूला लिहीत नसतात."

"काऊन?"

"पद्धत नाही."

"मंग सायबायले कसं समजन?"

"समजतं त्यांना. शिकलेले असतात ते."

आठवतंय ना तुला? तुला तर आठवतच असणार! तू कागदाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि खाली वाकून सही केलीस.

मी तुझ्यावर थोडी रागावलेच आहे, माय. तू तेव्हा भांडली का नाहीस? मेथीच्या जुडीवरून तू बाजारात कुणाला ऐकलं नाहीस. मला वर्गात मागे बसवलं म्हणून तू वाडीतल्या चिखलाच्या पायांनी हेडमास्तरांच्या खोलीत गेली होतीस. जानेफळच्या मामाशी एका लग्नात ताटावरून वर्षभर अबोला धरलास. आणि माझ्यापुढे गप्प? माझ्या अक्षराचा तुला एवढा कसला धाक वाटायचा? मला शिकवलंस म्हणून मी म्हणेन ते बरोबर, असं होतं का तुझं? ते बरोबर नव्हतं गं. तुझं वाक्य माझ्या पद्धतीपेक्षा शहाणं होतं. मला ते त्या सभेत कळलं आणि फार लाज वाटली.

साहेब म्हणाले, "फाटक मागितलं असेल तर दाखवा बाई, कुठे लिहिलंय?"

मी कागद पलटवला. पाठकोरा.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. कुणाला काय माहीत होतं? पण समोर गंगूमावशी बसली होती, आणि तिच्या नखांत अजून वाडीची माती होती. मी म्हटलं, "साहेब, मागितलं होतं. मी लिहिलं नाही. माझ्या आईनं सांगितलेलं शेवटचं वाक्य मी गाळलं. कारण मला वाटलं, अर्ज मागच्या बाजूला लिहायचा नसतो."

कुणी हसलं नाही. मग गंगूमावशी उठली.

"हाव साहेब. मी व्हती ओट्यावर. कौसाबाईनं सांगतलं व्हतं, पायऱ्यापाशी फाटक ठेवजा."

मागून एक बाई म्हणाली, "कुलूप नका लावजा, असंबी म्हणे."

आणि मग तीन-चार जणी एकदम, "कुलूप नका लावजा!"

माय, तुझं वाक्य सगळ्यांना पाठ होतं! मी एकटीच विसरले होते. युसूफचाचा तर त्या संध्याकाळी ओट्यावर नव्हतेच, पण तेही उठून म्हणाले, "मैंने भी सुना था." मी त्यांच्याकडे बघितलं, तर हळूच म्हणाले, "बाई, आवाज बडा था उनका, गाडीतक आता था." खरंच येत असेल.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "ही झेरॉक्स आहे, मूळ अर्ज ऑफिसात आहे. तुम्ही असं करा, याच्याच मागे लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. पुरवणी मागणी म्हणून लावतो."

मी लिहिलं. 'उपरोक्त' नाही, 'विषयान्वये' नाही. तू बोललीस तसंच, 'पायऱ्यापाशी फाटक ठेवजा. कुलूप नका लावजा.' गंगूमावशी म्हणाली, "वरची जागा सोड." मी सोडली. सगळ्यांनी त्या जागेच्या खाली सह्या केल्या. चिमीनंसुद्धा केली. तिला अजून सही नाही, म्हणून तिनं नाव, इयत्ता आणि तुकडी लिहिली.

साहेबांनी विचारलं, "ही पहिली जागा रिकामी का?"

मी म्हटलं, "ती सही पुढच्या बाजूला झालेली आहे."

त्यांनी पान पलटवून बघितलं आणि फायलीत लावलं.

नंतर महिनाभर काही हललं नाही. मी दर शनिवारी शाळा सुटली की नगरपालिकेत जायची. शिपाई मला लांबून बघूनच म्हणायचा, "आली फाटकवाली बाई." मला वाईट वाटलं नाही. तुला 'मेथीवाली' म्हणत तेव्हा तुला कुठे वाटायचं?

आणि आज सकाळी फाटक बसलं! वेल्डिंगवाल्यानं कडी लावली आहे, पण कुलपाचा कोयंडा नाही. मी स्वतः हात फिरवून बघितला. गंगूमावशी टोपलं घेऊन आत शिरली, मुळे धुतले, आणि तुमची रीत तिनं मोडली नाही. धुतलेली पहिली जुडी वरच्या पायरीवर ठेवली, ज्याला लागेल त्यानं न विचारता न्यावी. कारंजं मागणारे रिटायर साहेब पांढऱ्या बुटात फिरायला आले होते. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, जुडी उचलली आणि एवढ्या भरभर चालत गेले की त्यांचा व्यायाम आज पहिल्यांदाच झाला असेल. गंगूमावशी हसून हसून पाण्यात बसली. मीही हसले. मग थोडी रडले. तू असायला हवी होतीस, एवढंच.

उद्या फीत कापतील, नारळ फोडतील. फाटकाचं नाव कुणी घेणार नाही. घेऊ नये तेच बरं, नाहीतर त्याला पाटी लावतील.

माय, तुला शब्द देते. यापुढे कुणी अर्ज सांगायला आलं की ते बोलतील तेवढं सगळं लिहीन, शेवटच्या शब्दापर्यंत. जागा संपली असं कुणालाही म्हणणार नाही. माझ्या वर्गातल्या पोरांनाही सांगितलंय, पान संपलं तर पलटवा. त्यांनी विचारलं, "बाई, चालतं?" मी म्हटलं, "चालतं."

हे पान इथे संपलं. अजून तुला सांगायचं खूप आहे, चिमीच्या नव्या वेणीपासून आपल्या वाडीतल्या लिंबापर्यंत. सही मागच्या बाजूला केलीय.

पलटव.

तुझीच,
वंदू